ऑइल जातं कुठल्या वाटेनं?

ट्रक ऑइल खायला लागला की गॅरेजमध्ये निकाल फार लवकर लागतो. मिस्त्री सायलेन्सरकडे एकदा बघतो, ऑइल भरायचं झाकण उघडून आतून येणारी वाफ बघतो, हात पुसतो आणि म्हणतो, "रिंगा गेल्या भाऊ, इंजिन काम निघालं." निकाल पुष्कळदा बरोबरही असतो. पण तोच ट्रक नवे लाइनर, नवे पिस्टन, नव्या रिंगा घालून रस्त्यावर येतो आणि वर्ष सरायच्या आत पुन्हा तसाच निळा धूर सोडू लागतो, तेव्हा मालक रिंगांच्या कंपनीला शिव्या देतो. रिंगा झिजल्या का, हे कुणी विचारलेलंच नसतं. आणि कधीकधी त्या झिजलेल्याही नसतात; ऑइल तिसऱ्याच वाटेनं गेलेलं असतं.

या लेखात तो शोध सावकाश घ्यायचा आहे, आणि त्यासाठी जागा निवडली आहे रसमडा. दुर्ग आणि राजनांदगाव यांच्या मधलं हे छोटं रेल्वे स्टेशन, भिलाईच्या पोलाद कारखान्यापासून फार लांब नाही. लागूनच बोरई-रसमड्याची औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्यात स्पंज आयर्नचे नि पोलादाचे कारखाने आहेत. मराठी वाचकाला हे गाव परकं वाटेल, पण ट्रकच्या हिशेबानं ते शेजारचं आहे. इथून माल भरलेली गाडी राष्ट्रीय महामार्ग 53 धरते, राजनांदगाव ओलांडून बागनदीला महाराष्ट्राच्या सीमेवर येते, मग देवरी, साकोली, भंडारा करत अडीचशे किलोमीटरच्या आसपास नागपूर गाठते. पुढे समृद्धी महामार्गानं थेट जालना. जालन्याच्या सळया ज्या भट्ट्यांतून निघतात, त्यांना भंगाराबरोबर स्पंज आयर्नही लागतं.

स्पंज आयर्न बनवताना फिरत्या लांबोळ्या भट्टीत तीन वस्तू जातात: लोहखनिज, दगडी कोळसा आणि डोलोमाइट. लाल, काळी आणि पांढुरकी. कारखान्याच्या फाटकाशी रांगेत उभ्या असलेल्या गाडीवर या तिन्ही रंगांची धूळ बसते, आणि रस्त्याची मातकट धूळ असतेच. बॉनेटवरची धूळ फडक्यानं जाते. प्रश्न आहे तो गाडीच्या पोटात गेलेल्या धुळीचा.

पोटात किती हवा जाते याचा आधी अंदाज घेऊ. टाटांच्या असंख्य ट्रकांत बसलेलं कमिन्सचं सहा सिलिंडरचं इंजिन 5.9 लिटरचं आहे. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा छाती भरून श्वास घेतं. म्हणजे मिनिटाला 2,000 फेरे असतील तर टर्बो नसतानाही मिनिटाला सहा हजार लिटरच्या जवळपास हवा आत जाणार. तासाला साडेतीन लाख लिटर. टर्बो असला तर त्याहून बरीच जास्त. डिझेल आपण लिटर-लिटर मोजून भरतो, हवा फुकट म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. (जाता जाता: टाटांच्या जुन्या इंजिनांची नावं म्हणजे त्यांची मापंच आहेत. 697 म्हणजे सहा सिलिंडर, 97 मिलिमीटरचा बोअर; 407 मधलं 497 म्हणजे चार सिलिंडर, बोअर तोच.)

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की ऑइल जळण्याचा तपास हवेच्या वाटेपासून सुरू करावा. कारण हवेची वाट बिघडली की ऑइलची बिघडतेच, आणि तीही दोन उलट्या तऱ्हांनी. वाट फुटली तर धूळ आत जाते आणि रिंगा खाते. वाट तुंबली तर आत ओढ वाढते आणि ती ओढ ऑइललाच खेचते.

ही ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, नीट समजून घेतली पाहिजे. पेट्रोल किंवा सीएनजीच्या गाडीत हवेच्या तोंडाशी एक झडप असते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की ती मिटते, पिस्टन मात्र खाली जात राहतात, आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ तयार होते. डिझेल इंजिनात वेग इंधन कमी-जास्त करून सांभाळतात. हवेची वाट साधारणपणे सताड उघडीच असते. त्यामुळे डिझेल ट्रकच्या मॅनिफोल्डमध्ये गेज लावून 'व्हॅक्यूम लीक' शोधणं म्हणजे विहिरीत नळाची तोटी शोधण्यासारखं आहे. तरीही डिझेल ट्रकमध्ये ओढीच्या जागा असतात: एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा पाइप, हवेच्या ब्रेकच्या कंप्रेसरचं तोंड, आणि 407सारख्या हलक्या गाड्यांत ब्रेक बूस्टरसाठी ओढ निर्माण करणारा व्हॅक्यूम पंप. टर्बोच्या पुढे मात्र चित्र पालटतं. तिथे हवा दाबाखाली असते, आणि फट पडली की ती बाहेर पळते.

फरक कानाला कळतो. टर्बोच्या पुढची फट शिट्टी मारते, गाडी चढाला मार खाते, धूर काळा होतो, कारण डिझेल तेवढंच पडतं आणि हवा कमी पडते. ड्रायव्हर तक्रार करतो, काम होतं. टर्बोच्या आधीची फट गप्प असते. गाडी जोर सोडत नाही, धूर बदलत नाही. हवा मिळतेच आहे, फक्त ती फिल्टरला वळसा घालून येते आहे. महिनोन् महिने कुणाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो गेजवरचं ऑइल उतरायला लागल्यावर.

तर आता तपास. आधी मोजा. 'ऑइल खाते' ही तक्रार आहे, माप नाही. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं ऑइल चेंबरमध्ये उतरू द्या, गेज पुसून घाला, वरच्या खुणेपर्यंत मापानं ऑइल भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. रसमडा ते नागपूर अशा दोन खेपा जाऊन-येऊन केल्या की हजार किलोमीटर होतात. त्याच जागी, तसंच थांबून, पुन्हा मापानं भरा. भरलेल्या गाडीला लिटरमागे चार किलोमीटर धरले तर हजार किलोमीटरला अडीचशे लिटर डिझेल लागलं. धडधाकट इंजिनातही थोडं ऑइल जळतंच. हजार लिटर डिझेलमागे दोन-तीन लिटर हे प्रमाण बऱ्याच कंपन्या चालवून घेतात. त्या हिशेबानं आपल्या गाडीला हजार किलोमीटरमागे अर्धा-पाऊण लिटर माफ आहे. शेवटचा शब्द अर्थात गाडीच्या पुस्तकाचा. दीड-दोन लिटर निघालं तर शोध घ्यायलाच हवा.

मोजताना एक फसगत होते. ऑइलची पातळी उतरत नाही, उलट चढते, आणि मालक खूश होतो. ते ऑइल वाढलेलं नसतं. त्यात डिझेल उतरलेलं असतं. गळक्या नोझलनं हे होतं. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत धुराच्या वाटेतली जाळी जाळून साफ करण्यासाठी काही इंजिनं सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात. त्यातलंही थोडं लाइनरवरून खाली झिरपतं. गेजचा थेंब बोटांवर चोळून वास घ्या. ऑइल पातळ आणि डिझेलचा वास असेल तर आधी ते दुरुस्त करा, कारण तोवर कुठलंच माप खरं नाही.

मग बाहेरची गळती. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा. सकाळी त्यावर डाग कुठे पडला ते बघा: चेंबरच्या पॅकिंगखाली, मागच्या ऑइल सीलखाली, की टर्बोच्या रिटर्न पाइपखाली. हे फार साधं आहे म्हणून वगळलं जातं. पण चालत्या गाडीत गरम ऑइल सर्वांत जास्त गळतं आणि मागे उडून चेसिसवर पसरतं, त्यामुळे पुठ्ठा कोरडा राहिला तरी चेसिसवर ओल्या धुळीचा थर बसलाय का हे पाहायचं. रेडिएटरचं झाकणही इंजिन थंड असताना उघडून बघा. पाण्यावर ऑइलचा तवंग असला तर बहुधा ऑइल कूलर फुटलाय, आणि मग धूर बघण्यात अर्थ नाही.

धुराबद्दल दोनच गोष्टी सांगतो. निळा धूर ऑइलचा, हे खरं. पण थंडीच्या पहाटे न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूरही निळसर दिसतो आणि डोळ्यांना झोंबतो. म्हणून इंजिन पुरतं तापेपर्यंत धुराबद्दल मत देऊ नये. दुसरं, निळा रंग उजेडावर दिसत नाही. मागे काळपट भिंत किंवा झाडी असेल असं उभं राहून बघा. बीएस-6 गाडीत तर हा पुरावाच नाहीसा झालाय. जाळी धूर अडवते, ऑइल जळल्याची राख तिच्यात साचते, आणि मालकाला कळतं ते जाळी वरचेवर तुंबायला लागल्यावर.

आता हवेची वाट. इथे घाई करू नका, कारण सगळं इथेच आहे.

एअर फिल्टरचं घर उघडायच्या आधी फिल्टरपासून टर्बोपर्यंत जाणारा रबरी होज टर्बोच्या टोकाला सोडवा. बोटाला स्वच्छ पांढरं सुती फडकं गुंडाळून होजच्या आतून फिरवा. फडकं पांढरंच राहिलं पाहिजे. थोडा तेलकट ओलावा आला तर चालेल. पण धुळीची रेघ उमटली तर फिल्टरनंतर कुठूनतरी हवा आत येते आहे, आणि त्या रेघेचा माग काढत उलटं चालत गेलात की फट सापडते. क्लिपच्या जागी रबर आखडलेलं असतं, बुडाशी चीर गेलेली असते जी होज वाकवल्याशिवाय दिसत नाही, किंवा कंप्रेसरकडे जाणाऱ्या बारीक नळीचं टोक सैल असतं. रेघेचा रंगही बोलतो. लाल-काळी असेल तर कारखान्याच्या आवारातली, मातकट असेल तर रस्त्याची.

फट सापडत नसेल तर उदबत्ती लावा. इंजिन मंद चालू ठेवून प्रत्येक सांध्याजवळून हळू फिरवा. फट असेल तिथे धुराची सरळ रेघ वाकून आत जाते. पंखा जवळ असल्यानं धूर इकडेतिकडे उडतो, तेव्हा एका बाजूनं पुठ्ठ्याचा आडोसा धरा आणि आपले कपडे पट्ट्यापासून लांब ठेवा. आजूबाजूला डिझेल सांडलेलं असेल तर उदबत्ती नको, आणि सीएनजी किंवा पेट्रोलच्या गाडीजवळ तर मुळीच नको. तिथे साबणाचं पाणी. काही गॅरेजांत सांध्यावर पेट्रोल उडवून इंजिनचा आवाज बदलतो का बघतात. तापलेल्या मॅनिफोल्डशेजारी हा खेळ कुणी करू नये.

मग फिल्टर. आपल्याकडे फिल्टर साफ करायची सर्वमान्य रीत म्हणजे क्लीनरनं तो काढून टायरवर चार वेळा आपटायचा. धूळ पडते हे खरं. त्याबरोबर फिल्टरची कडा वाकते, आणि कडा वाकली की घराच्या तोंडाशी ती घट्ट बसत नाही. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरनं जवळून हवा मारली तर कागदाला सुईएवढी भोकं पडतात. आत टॉर्च धरून बाहेरून बघितलं की ती चमकतात. दोन फिल्टर असलेल्या घरात आतला छोटा फिल्टर तर साफ करायचाच नसतो. ठरलेल्या वेळी बदलायचा. मला विचाराल तर धुळीच्या भागात फिल्टर वरचेवर उघडणं हाच एक दोष आहे. दर उघडण्यात थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडते.

मग उघडायचा कधी? त्यासाठी घरावर छोटा दर्शक असतो, फिल्टर तुंबला की तो लाल होतो. बऱ्याच डिझेल इंजिनांत ही मर्यादा पाण्याच्या स्तंभाच्या 25 इंचांवर, म्हणजे साधारण 635 मिलिमीटरवर असते. हवेचा दाब पाण्याच्या दहा मीटरहून थोड्या जास्त उंचीइतका असतो. म्हणजे ही ओढ त्याच्या सोळाव्या भागाइतकी. दर्शक मोडलेला असेल, आणि तो बहुधा असतोच, तर माप घरी करता येतं. दीड मीटरच्या फळीवर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी बसवा, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा, एक टोक फिल्टरनंतरच्या दर्शकाच्या भोकाला जोडा, दुसरं हवेत उघडं. मध्ये एक रिकामी बाटली ठेवा, म्हणजे चुकून पाणी ओढलं गेलं तरी ते बाटलीत पडेल. इंजिन चाललं की एका बाजूचं पाणी चढतं, दुसऱ्या बाजूचं उतरतं. दोन पातळ्यांतलं अंतर म्हणजे ओढ. टर्बोच्या गाडीत खरी ओढ भरल्या गाडीनं चढ चढताना होते, उभ्या गाडीत आकडा कमी दिसतो, हे ध्यानात ठेवून वाचायचं.

तुंबलेल्या फिल्टरचा ऑइलशी संबंध टर्बोत लागतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. त्याच्या टोकांना रबरी सील नसतं; पिस्टनरिंगेसारखी बारीक कडी असते, आणि ऑइल आत थोपवून धरण्याचं बरंचसं काम बाहेरच्या हवेचा दाब करतो. फिल्टर तुंबून बाहेरच्या बाजूला ओढ वाढली की हा तोल बिघडतो आणि ऑइल कडीपलीकडे हवेच्या पाइपात शिरतं. टर्बोचा रिटर्न पाइप जळलेल्या ऑइलनं अरुंद झाला, किंवा चेंबरमधला दाब वाढला, तरी ऑइलला खाली उतरता येत नाही आणि ते तीच वाट धरतं. तिन्ही प्रकारांत टर्बो बदलून काही होत नाही. नवा टर्बोही आठवड्यात ओला होतो.

टर्बो खरोखर गेलाय का हे बोटांनी कळतं. इंजिन बंद आणि थंड असताना चाकाच्या मध्याची टोपी धरून वर-खाली हलवा. थोडी हालचाल असतेच, ती ऑइलच्या थराची जागा. पण पाती घराला घासत असतील, किंवा दांडा पुढे-मागे स्पष्ट सरकत असेल, तर तो गेला. इंटरकूलरच्या पाइपात ऑइल दिसलं म्हणूनही लगेच टर्बोवर आळ घेऊ नका. अनेक नव्या इंजिनांत चेंबरमधला वायू सोडणारी ब्रीदरची नळी टर्बोच्या तोंडाशी जोडलेली असते. ती काढून एका खेपेपुरती बाटलीत सोडा, टर्बोकडचं भोक नीट बंद करा, पाइप पुसून कोरडे करा. परत आल्यावर पाइप कोरडे आणि बाटलीत ऑइल असेल तर दोष खालून येतोय.

खालून म्हणजे चेंबरमधून. सिलिंडरमधला जळता वायू रिंगांना चुकवून थोडाबहुत खाली येतोच, आणि ब्रीदरमधून बाहेर पडतो. तो वाढला की गॅरेजच्या भाषेत ब्रीदर 'मारायला' लागतो. जुनी परीक्षा अशी: इंजिन मंद चालू असताना ऑइल भरायचं झाकण सोडवून तोंडावर उलटं ठेवा. थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर वायू जास्त. पण हा वायू रिंगांमधूनच येतोय, हे झाकण सांगत नाही.

इथेच बहुतेक इंजिनं विनाकारण उघडली जातात. हवेच्या ब्रेकचा कंप्रेसर इंजिनलाच जोडलेला असतो आणि इंजिनचंच ऑइल पितो. त्याच्या छोट्या रिंगा झिजल्या की तो दाबाखालची हवा चेंबरमध्ये ढकलतो, आणि ब्रीदर तसाच मारतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. हवेच्या टाक्या रिकाम्या करा आणि इंजिन चालू करून त्या भरू द्या. भरताना ब्रीदरवर तळहात धरा. टाक्या भरल्या की 'फस्स' आवाज होतो आणि कंप्रेसरवरचा भार सुटतो. त्या क्षणी ब्रीदरचा जोर एकदम मंदावला तर दोष कंप्रेसरचा. टाक्यांच्या बुडाची चावी उघडल्यावर पाण्याबरोबर काळं ऑइल येतंय का, तेही बघा. हे ऑइल जळत नाही, म्हणून धूर नाही. गेज मात्र उतरते. कंप्रेसरला हवा मिळते ती इंजिनच्या हवेच्या वाटेवरूनच, आणि ती वाट तुंबली की तोही ऑइल वर ओढतो. पुन्हा फिल्टरच.

407सारख्या हलक्या गाडीत कंप्रेसरची जागा व्हॅक्यूम पंप घेतो. तो अल्टरनेटरच्या मागे बसतो, त्याला ऑइल इंजिनमधून मिळतं, आणि बूस्टरमधून ओढलेली हवा तो ऑइलसकट चेंबरमध्ये सोडतो. आता बूस्टरचा पडदा फाटला किंवा नळीला चीर गेली असं धरा. पंप थांबत नाही. दिवसभर बाहेरची हवा ओढून चेंबरमध्ये भरत राहतो, आणि ब्रीदर ऑइलचे फवारे मारतो. म्हणजे दोष ब्रेकचा आणि आळ रिंगांवर. परीक्षा पायानं करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन चालू करा; पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नंतर इंजिन बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि पेडल दाबा. पहिल्या दोन-तीन दाबांत ते मऊ लागलं तर ओढ टिकून आहे, पहिल्याच दाबाला कडक असेल तर कुठेतरी गळते आहे. ही गळती ऑइलपेक्षा जिवाशी जास्त संबंधित आहे, तेव्हा गाडी भरून पाठवू नका. बूस्टरकडच्या नळीत ऑइल सापडलं तर वाटेतला एकतर्फी व्हॉल्व्ह गेलाय; अल्टरनेटर ऑइलनं माखला असेल तर पंपाचं सील किंवा त्याची रिटर्न नळी बघा.

एवढं सगळं ठीक निघालं, तर मग इंजिनकडे वळायचं. मघाची पाण्याची नळी पुन्हा उपयोगी पडते: ऑइल गेजच्या भोकाला जोडा, ठरावीक फेऱ्यांवर चेंबरचा दाब वाचा आणि वहीत लिहा. दुसऱ्या गाडीशी तुलना करू नका. याच गाडीचा सहा महिन्यांनंतरचा आकडा काय सांगतो ते महत्त्वाचं. नंतर हवा भरून गळती तपासायची. नोझल काढून एकेका सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या स्ट्रोकला अगदी वर आणायचा, तिथे हवेची नळी जोडायची आणि कान द्यायचा. (पिस्टन नेमका वर नसेल तर हवेच्या जोरानं इंजिन फिरतं, पंख्यात हात नको.) ब्रीदरमध्ये सूं आवाज आला तर रिंगा किंवा लाइनर, सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या पाइपात आला तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. सहा सिलिंडरांपैकी एकच वेगळा निघाला तर गोष्ट निराळी. सहाही सारखेच ढिले असतील तर धूळ किंवा वय. पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल ओतून कॉम्प्रेशन पुन्हा मोजायची रीत आहे. डिझेलमध्ये वर जागाच एवढी कमी असते, की तो प्रयोग अंगाशी येऊ शकतो.

व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल उतरतं तेही याच टप्प्यावर आठवायचं. पेट्रोल-सीएनजी गाडीत त्याची खूण ठरलेली आहे: देवरीजवळच्या मासूलकसा घाटासारख्या उतारावर पाय काढून उतरा, खाली पोचून ॲक्सिलरेटर दाबा, आणि आरशात निळा झोत दिसतो. मिटलेल्या झडपेमागच्या जोरदार ओढीनं गाइडमधून ऑइल खेचलेलं असतं. डिझेलला ती ओढ नसल्यानं हीच परीक्षा तितकीशी खात्रीची राहत नाही. तिथे असा झोत टर्बोमुळेही येतो. सीएनजीच्या हलक्या ट्रकला मात्र गेज लावून मॅनिफोल्डची ओढ सरळ मोजता येते. समुद्रसपाटीला मंद चालीवर पाऱ्याचे 17 ते 21 इंच हा चांगला आकडा. रसमडा सुमारे तीनशे मीटर उंचीवर असल्यानं इथे एखादा इंच कमी धरायचा. काटा खालीच स्थिर राहिला आणि इंजिनची चाल वर-खाली होत असेल तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी साबणाचं पाणी घेऊन जा. फट असेल तिथे ओढ ते पाणी आत घेते आणि घटकाभर चाल सुधारते.

एक इशारा मधेच देऊन ठेवतो. टर्बोतून ऑइल भरपूर आत यायला लागलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर चालू शकतं; किल्ली बंद केली तरी थांबत नाही, फेरे वाढतच जातात. जुन्या काळी काही पंपांवर हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असे; त्याचा पडदा फाटला की ओढ नाहीशी व्हायची आणि इंजिन असंच सुसाट सुटायचं. अशा वेळी ब्रेक दाबून धरून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. ऑटोमॅटिक गाडीत हे जमत नाही. हवेचं तोंड बंद करायचं तर फळीनं, हातानं कधीही नाही.

कारखान्याच्या फाटकाशी तासन् तास इंजिन मंद चालू ठेवणं हेही ऑइल जळण्याचं एक कारण आहे. सिलिंडर पुरेसा तापत नाही, रिंगा लाइनरवर जोरानं टेकत नाहीत, लाइनरवरच्या बारीक तिरक्या रेघा गुळगुळीत होतात आणि ऑइल खरवडलं जात नाही. धूळ नाही, फट नाही, तरी गाडी ऑइल खाते.

शेवटी हेड उतरवावं लागलंच, तर लाइनर बाहेर फेकायच्या आधी तो वाचा. वरच्या काठाखाली, पहिली रिंग जिथे पोचून परत फिरते तिथे, नख फिरवा. नख अडेल अशी पायरी असेल आणि सर्वांत वरची रिंग सर्वांत जास्त झिजली असेल, तर धूळ हवेतून आली. खालची ऑइल रिंग आणि बेअरिंगं जास्त घासली असतील, तर ती ऑइलमधून आली: उघडं नरसाळं, न झाकलेला डबा, न बदललेला फिल्टर. जुन्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर सिलिकॉन धुळीची बातमी देतं, क्रोमियम रिंगांची, ॲल्युमिनियम पिस्टनची. नुकतंच पॅकिंगला सिलिकॉनचं लुकण लावलं असेल तर ते आधी सांगा, नाहीतर उगाच धुळीच्या नावानं बोंब होईल.

आणि जुना रबरी होज मिस्त्री भंगारात टाकत असेल तर तो मागून घ्या. ब्लेडनं उभा चिरा, उलगडून उन्हात धरा. क्लिपच्या जागेपासून टर्बोच्या टोकापर्यंत गेलेली लाल-काळी रेघ सापडली तर नवे पिस्टन बसवायच्या आधी नवा होज आणा, दोन्ही टोकांच्या नव्या क्लिपांसह.